शाळेच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या शाळेची दहावीची बॅच पंचवीस-तीस वर्षांनी भेटते, तेव्हा मुख्याध्यापकांचा आणि वर्गशिक्षकांचा सत्कार होतोच. पण अलीकडे अशा पुष्कळ मेळाव्यांत एक खुर्ची शिपाईमामांसाठी आणि एक मावशींसाठीही राखलेली असते. शाल-श्रीफळ देताना टाळ्यांचा कडकडाट त्यांच्या वेळी होतो आणि फोटोसाठी गर्दीही त्यांच्याभोवती होते. ज्या बाईंनी गणित शिकवलं त्यांच्याबद्दल आदर असतो. पण पोटात दुखत होतं तेव्हा ज्या मावशींनी ओवा दिला आणि घरचं कुणी येईपर्यंत ज्या शेजारी बसून राहिल्या, त्यांच्याबद्दल मनात काही वेगळंच असतं. हे नातं कशातून तयार होतं, शाळेच्या कारभारात या माणसांची जागा कुठे आहे आणि गेल्या काही वर्षांत ती का आक्रसत चालली आहे, ते या लेखात सांगायचं आहे.

यांच्यात कोण कोण येतं?

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या कायद्याने आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीने ठरतात. त्यात शिक्षक आणि शिक्षकेतर अशी विभागणी आहे. शिक्षकेतरांमधली अगदी खालची श्रेणी म्हणजे शिपाई, प्रयोगशाळा परिचर, पहारेकरी, सफाई कामगार. सरकारी कागदांत त्यांना ‘चतुर्थश्रेणी’ म्हणतात. मुलांच्या तोंडी मामा, काका, दादा, मावशी.

अनुदानित शाळेत ही पदं विद्यार्थिसंख्येप्रमाणे मंजूर होत आणि पगार सरकार देई. ‘होत’ आणि ‘देई’ असं का म्हटलं, ते पुढे येईलच. विनाअनुदानित शाळांत संस्था स्वतः माणसं नेमते किंवा हे काम सरळ हाउसकीपिंगच्या कंपनीला देते. घोडबंदर रोड आणि डोंबिवलीच्या पलीकडच्या पलावा परिसरात उभ्या राहिलेल्या मोठ्या इंग्रजी शाळांत एकसारख्या गणवेशातल्या, छातीवर कंपनीचा बिल्ला लावलेल्या बायका दिसतात त्या अशा. आणि याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या छोट्या प्राथमिक शाळा आहेत. तिथे शिपाई हे पदच नसतं. कुलूप गुरुजी उघडतात, वर्ग मुलं झाडतात, आणि घंटा ज्याची पाळी असेल तो वाजवतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेलं परिशिष्ट एकदा प्रत्येकाने वाचावं. शाळेत काय असलंच पाहिजे याची यादी त्यात आहे: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलांची आणि मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय. ही यादी चांगली आहे. पण स्वच्छतागृह रोज धुणारा, टाकी भरली की नाही ते बघणारा आणि कुंपणाच्या फाटकाशी उभा राहणारा माणूस तिच्यात कुठेही नाही. इमारत मोजली गेली, ती चालवणारे हात मोजायचे राहिले. पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ मला इथे दिसतं.

दिवस कसा जातो

सकाळचं सत्र सातला भरत असेल तर शिपाई सहाच्या सुमाराला शाळेत असतो. मुख्य दार, कार्यालय, जिन्याचं लोखंडी दार, मग एकेक वर्ग. जुन्या शाळांत किल्ल्यांचा जुडगा चांगला वजनदार असतो आणि कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे चिठ्ठी न लावता फक्त त्यालाच माहीत असतं. पंपाचं बटण दाबून टाकी भरायला लावायची. एमआयडीसीच्या किंवा महापालिकेच्या पाण्याचा शटडाऊन असेल तर आदल्या संध्याकाळीच पिंपं भरून ठेवायची. बाकांवरून ओलं फडकं फिरवायचं, फळा पुसायचा, डस्टर झटकायचं. पावसाळ्यात खिडकीतून आत आलेलं पाणी काढायचं. मग पहिली घंटा.

घंटा आता पुष्कळ ठिकाणी विजेची झाली. पण काही शाळांत अजून पितळी तबक किंवा रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा आहे, आणि तो वाजवायची प्रत्येकाची लय वेगळी असते. तास संपल्याचे मोजके टोले, मधल्या सुट्टीचे थोडे लांब, आणि शाळा सुटल्याची न थांबणारी घंटा. चाळिशीतल्या माणसांनाही आपल्या शाळेचा तो आवाज ऐकू येतो.

त्यानंतर सूचनेची वही. मुख्याध्यापकांनी लिहिलेली सूचना घेऊन शिपाई वर्गावर्गात जातो, दाराशी उभा राहतो. शिकवणाऱ्या बाई वाक्य अर्धवट सोडून वही घेतात, मोठ्याने वाचतात, सही करून परत देतात. ‘उद्या शाळा अर्धा दिवस’ हे ऐकायला आसुसलेला वर्ग त्याच्या चेहऱ्यावरून सूचना ओळखायचा प्रयत्न करतो. आज व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर निरोप जात असले तरी वही अजून फिरते, कारण सही लागते. या फेरीत शिपाई दिवसातून दोन-तीनदा शाळेतला प्रत्येक वर्ग पाहतो. कोण बाकावर डोकं ठेवून पडलंय, कोणाला बाहेर उभं केलंय, कुठल्या वर्गात शिक्षकच नाहीत, हे सगळं त्याच्या नजरेखालून जातं. मुख्याध्यापकांनाही एवढी सगळी शाळा रोज दिसत नाही.

परीक्षेच्या दिवसांत काम दुप्पट होतं. बाक लावणं, आसनक्रमांक चिकटवणं, पुरवण्या आणि दोरे पोचवणं, दहावीच्या मुलांना पेपर सुरू असताना आवाज न करता पाणी देणं. निवडणूक आली की शाळा मतदान केंद्र होते. वर्ग रिकामे करून देणं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मुलांच्या लायक करणं हेही यांच्याकडेच.

दोन सत्रांमधली वेळ

ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत जागेची टंचाई कायमची. त्यामुळे एकाच इमारतीत सकाळी एक विभाग आणि दुपारी दुसरा, ही इथल्या मराठी शाळांची जुनी रीत. सकाळचे वर्ग सुटतात आणि दुपारचे भरतात त्यामधला अर्धा-पाऊण तास हा शाळेचा सगळ्यात धोक्याचा वेळ असतो. शेकडो मुलं उतरत असतात, शेकडो चढायला उभी असतात. बाहेर रिक्षा, व्हॅन, दुचाकीवरचे पालक आणि गल्लीतून वाट काढणारा टेम्पो. शिक्षक त्या वेळी एक तर निघालेले असतात किंवा अजून शिक्षकखोलीत असतात.

फाटकाशी उभ्या असलेल्या मावशींचं काम इथे बघावं. चौथीतल्या मुलाला त्या जाऊ देतात, कारण त्याच्या रिक्षाचे काका समोर दिसतात. त्याच्या मागच्या मुलीचा हात मात्र धरून ठेवतात. ‘तुझी आजी येते ना रोज? आज हे कोण आलेत?’ समोरचा माणूस सांगतो, मी मामा. मावशी मुलीकडे बघतात. मुलगी ओळखीचं हसली तरी त्या कार्यालयातून आईला फोन लावायला सांगतात आणि मगच हात सोडतात. हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं. कोणत्या मुलाला कोण न्यायला येतं, कोणाच्या आईवडिलांमध्ये कोर्टात भांडण चालू आहे, कोणाचे आजोबा नुकतेच गेले, ही माहिती वर्षानुवर्षं त्याच फाटकाशी उभं राहून जमते. दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला ती कशी जमावी?

८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचं ठरलं. लहान मुलांच्या झोपेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण दोन सत्रांच्या शाळांत वेळांची सगळी घडी बदलावी लागली आणि तो ताण बऱ्याच अंशी झाडलोट आणि फाटक सांभाळणाऱ्यांवर आला. सकाळचा वर्ग उशिरा सुटला की दुपारच्या मुलांसाठी तो झाडायला वेळच उरत नाही.

मुलं मावशींना काय सांगतात

जूनच्या मध्यावर शिशुवर्ग सुरू होतात तेव्हा डोंबिवलीतल्या एका शाळेच्या अंगणात मी हे पाहिलं आहे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा फाटकाची सळई धरून रडत होता. बाई त्याला खेळणी दाखवत होत्या, चित्रं दाखवत होत्या. तो ऐकेना. मावशी आल्या. त्यांनी त्याला उचललं नाही, समजावलं नाही. नळाखाली झारी भरली आणि कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला लागल्या. थोड्या वेळाने त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘ही जड आहे रे, जरा धर.’ त्याने सळई सोडली आणि दोन्ही हातांनी झारीचा तळ धरला. पाच कुंड्या झाल्यावर दोघं मिळून वर्गात गेले. बालमानसशास्त्राचा कुठलाही वर्ग मावशींनी केला नव्हता. पाच-सहाशे रडणारी मुलं पाहिली होती.

मोठ्या मुलांचं वेगळं. शिक्षक गुण देतात, शेरा लिहितात, पालकांना बोलावतात, म्हणून त्यांच्यासमोर मूल सावध असतं. शिपाई किंवा मावशी यांतलं काहीच करू शकत नाहीत. त्यांच्याकडे मुलाला शिक्षा करण्याची सत्ता नाही, आणि नेमकी त्यामुळेच त्यांच्यापाशी जीभ सैल होते. मुलीची पहिली पाळी शाळेत आली तर बहुतेक वेळा ती आधी मावशींना गाठते. पॅड, कागद, बदलायला फ्रॉक आणि ‘घाबरू नकोस, सगळ्यांना येते’ हे वाक्य तिथेच मिळतं. नव्या शहरात आलेलं, मधल्या सुट्टीत एकटं डबा खाणारं मूल प्रयोगशाळेच्या पायरीवर बसतं, कारण तिथे परिचर काका परीक्षानळ्या धूत असतात आणि धुता धुता बोलतात. घरी मार खाणारं मूल शाळा सुटल्यावरही अंगणात रेंगाळतं आणि ते पहिल्यांदा कळतं दार लावायला थांबलेल्याला.

ही निरीक्षणं शाळेपर्यंत पोचतात का, हा खरा मुद्दा आहे. चांगले मुख्याध्यापक आठवड्यातून एकदा तरी शिपाई-मावशींना बसवून विचारतात, ‘कोणाकडे लक्ष द्यायला हवं वाटतं?’ असं विचारणाऱ्या शाळा मोजक्याच आहेत. बहुतेक ठिकाणी शिक्षकसभेत शिपाई येतो तो चहा घेऊन, आणि चहा ठेवला की बाहेर जातो.

लोकल बंद पडते तेव्हा

ही सगळी गावं लोकलवर जगतात. डोंबिवली, कल्याण, ठाणे ही मध्य रेल्वेवरची तुफान गर्दीची स्थानकं. इथल्या मुलांचे आईवडील सकाळी सात-आठच्या गाडीने मुंबईला जातात आणि संध्याकाळी परततात. त्यामुळे ओव्हरहेड वायर तुटली, कुर्ला-शीवला पाणी साचलं, की त्याचा परिणाम इथल्या शाळेच्या फाटकाशी दिसतो. मूल तिथेच उभं असतं. व्हॅन अडकलेली, आईचा फोन लागत नाही, शेजाऱ्यांना कुलूप. शिक्षिकाही बदलापूर किंवा मुलुंडला राहणाऱ्या, त्यांना स्वतःच्या घराची चिंता. थांबतो तो शिपाई, कारण कुलूप त्याला लावायचं आहे आणि आत मूल असताना कुलूप लावता येत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या पुराने बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि रेल्वे ठप्प झाली. मुंबई आणि उपनगरांत कितीतरी मुलांनी ती रात्र शाळेत काढली. त्या रात्रीच्या आठवणी ऐकल्या की त्यांत मेणबत्त्या शोधून आणणारे, बाक जोडून झोपायची सोय करणारे, मिळेल त्यात खिचडी शिजवणारे कोण होते ते कळतं. शाळेत तांदूळ कुठे आहे, गॅस कुठे आहे, गच्चीची किल्ली कुठे आहे, हे शिक्षकांना माहीत नसतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा मे महिना होता आणि उन्हाळ्याची सुट्टी होती, हे नशीब. औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या शाळांनी आपत्तीच्या वेळी मुलं बाहेर काढायचा सराव करायलाच हवा, आणि तो करताना मागचं दार, जिना, विजेचं मुख्य बटण ज्याच्या हाताखालचं आहे त्याला सरावाच्या आखणीत घ्यायला हवं. मी पाहिलेल्या सरावांत शिपाई फक्त घंटा वाजवतो.

स्वच्छतागृहं बांधली, धुणार कोण?

१५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी देशातल्या प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह वर्षभरात बांधायची घोषणा केली. पुढच्या वर्षात देशातल्या सुमारे २ लाख ६१ हजार सरकारी शाळांत ४ लाख १७ हजारांवर स्वच्छतागृहं बांधली किंवा वापरात आणली गेली. काम मोठं होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बांधकामाचा खर्च एकदाच येतो. फिनेल, अ‍ॅसिड, ब्रश, पाणी आणि माणूस हा खर्च रोजचा आहे.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पटसंख्येप्रमाणे वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,००० आणि हजाराच्या वर १ लाख, असा त्याचा हिशेब आहे. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेला वर्षाला अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास. एवढ्यात स्वच्छतागृह धुणारं माणूस मिळत नाही, हे कुठलीही घर चालवणारी बाई सांगेल. मग स्वच्छतागृहाला कुलूप लागतं किंवा ते दुर्गंधीमुळे वापरलं जात नाही. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागेल. लघवीच्या जागेचे संसर्ग, पोटदुखी, पाळीच्या दिवसांत दांडी, या सगळ्या तक्रारी तिथून निघतात. घाण शौचालय हा मुलींच्या हजेरीचा प्रश्न आहे आणि तो रोज दोन वेळा धुतल्यानेच सुटतो.

इथे जातीचा विषय टाळून चालणार नाही. शाळेतली झाडलोट कुणीही करतो, पण शौचालय धुवायचं काम आजही ठरावीक समाजांतल्या माणसांकडेच जातं, आणि मुलं ते न सांगता शिकतात. काही शाळांत सगळे शिक्षक, विद्यार्थी आणि शिपाई आळीपाळीने श्रमदान करतात. ते चांगलं आहे, पण सगळ्यांची पाळी आली तरच. निवडक मुलांना ‘तू जा’ म्हटलं की तोच जुना अपमान होतो. आणि श्रमदान हा पगारी सफाई कामगार न नेमण्याचा मार्गही होता कामा नये. दस्ताने, गमबूट आणि वेळेवर पगार मिळणं हा त्या माणसाचा हक्क आहे.

११ डिसेंबर २०२० चा निर्णय

आता वरच्या ‘होत’ आणि ‘देई’कडे येतो. ११ डिसेंबर २०२० ला शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. खासगी अनुदानित शाळांमधली चतुर्थश्रेणी पदं यापुढे नियमित वेतनश्रेणीवर भरायची नाहीत. कामावर असलेले निवृत्त होईपर्यंत राहतील, पण त्यांची जागा रिकामी झाली की शाळेला त्या पदामागे ठरावीक रकमेचा ‘शिपाई भत्ता’ मिळेल. रक्कम भागाप्रमाणे महिना ५,००० ते १०,००० रुपये, ग्रामीण भागात कमी आणि मोठ्या शहरात जास्त. राज्यातली सुमारे ५२ हजार पदं यामुळे संपतील, असं शिक्षक आणि शिक्षकेतर संघटनांनी तेव्हा सांगितलं आणि विरोधही केला.

फरक किती पडतो तो बघा. सातव्या वेतन आयोगात राज्याच्या सगळ्यात खालच्या स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतनच १५,००० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, रजा, भविष्यनिर्वाह निधी. भत्त्यावरच्या माणसाला यातलं काही नाही. डोंबिवलीत चाळीतल्या खोलीचं भाडं देऊन त्या पैशांत घर चालत नाही. तो दुसरं बरं काम मिळताच जाणारच, आणि त्याला दोष देता येत नाही.

सरकारची बाजूही सांगायला हवी. वेतनावरचा खर्च शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकाचा फार मोठा भाग खातो, आणि पट घसरलेल्या काही शाळांत शिपायांची संख्या खरोखरच जास्त होती. पण तिथे संख्या कमी करता आली असती. पदाचं स्वरूपच बदलल्याने नुकसान वेगळं झालं. पूर्वीचा शिपाई तिशीत लागायचा आणि साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचा. जुन्या काही शाळांत तर त्याचं कुटुंब आवारातल्याच खोलीत राहायचं. त्याची मुलं त्याच शाळेत शिकायची. आई, मग तिची मुलगी, अशा दोन पिढ्या त्याच्या डोळ्यांसमोर शाळेत आल्या. ही ओळखदेख म्हणजेच शाळेची सुरक्षा होती. भत्त्याच्या हिशेबात तिची किंमत कुणी धरली नाही.

बदलापूरनंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चार वर्षांच्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी त्याच महिन्यात कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता. तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या विलंबाने लोकांचा संताप आणखी वाढला आणि २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २१ ऑगस्टला राज्य सरकारने निर्णय काढून शाळांमध्ये महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि विद्यार्थी सुरक्षा समिती अनिवार्य केली. मुलांच्या सुरक्षेसाठी १० मार्च २०२२ च्या निर्णयाने नेमायच्या ‘सखी सावित्री’ समित्या बऱ्याच ठिकाणी कागदावरच असल्याचं तेव्हा ध्यानात आलं.

या घटनेनंतर दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही बोलून दाखवायला हव्यात. पहिली, पालकांचा धीर खचला. तो खचणं रास्त होतं. चार वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात कोण नेतं, हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारायलाच हवा होता आणि तो फार उशिरा विचारला गेला. माझं मत स्पष्ट आहे. शिशुवर्ग आणि पहिली-दुसरीच्या मुलींच्या स्वच्छतागृहापाशी फक्त महिला सेविकाच हवी, आणि ती रजेवर असेल तर बदली महिलाच हवी.

दुसरी गोष्ट कमी बोलली गेली. तीस-तीस वर्षं नेकीने काम केलेले शिपाई एका रात्रीत संशयित झाले. मैदानात मूल पडलं तर पूर्वी जो धावत जाऊन उचलायचा, तो आता बाईंना हाक मारून लांब उभा राहतो. हात लावायला भितो. त्याचं भिणंही समजण्यासारखं आहे, पण रक्त येत असलेल्या मुलासाठी ते वाईट आहे. यावर उपाय संशयाने होणार नाही, स्पष्ट नियमांनी होईल. मुलाला कुठे आणि कसा हात लावायचा, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, दुखापत झाली की कोणासमोर पट्टी बांधायची, हे लेखी असलं की प्रामाणिक माणसालाच त्याचं संरक्षण मिळतं.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘प्रत्येकाने’ यात शिपाई आणि मावशीही आल्या. पण त्यांना हे कुणी सांगितलेलं असतं का? शिक्षकांची प्रशिक्षणं होतात, त्यांना प्रमाणपत्रं मिळतात. ज्या माणसाच्या कानावर मुलांचं बोलणं सगळ्यात आधी जातं, त्याच्यासाठी दोन तासांचं मराठीतलं प्रशिक्षण ठेवायला आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवून द्यायला फारसा खर्च येत नाही.

दुसरीकडे काय करतात

जपानमधली मुलं स्वतःचा वर्ग आणि शाळेतल्या वाटा रोज स्वच्छ करतात, हे आपल्याकडे नेहमी सांगितलं जातं. तिथे शाळेची डागडुजी, बाग, दारं-खिडक्या बघणारा पगारी कर्मचारीही असतो, हे मात्र सांगायचं राहून जातं. अमेरिकेत २ ऑक्टोबर हा शाळा आणि इमारती सांभाळणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांच्या कृतज्ञतेचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी गांधीजयंतीनिमित्त शाळाशाळांत स्वच्छता अभियान होतं, मुलांच्या हातात झाडू देऊन फोटो काढले जातात. ज्यांच्या हातात तो रोज असतो त्यांना त्या दिवशी व्यासपीठावर बसवायला काय हरकत आहे?

पालकांनी काय विचारावं

पालकसभेत आपण शिकवणी, गृहपाठ, सहलीची वर्गणी यांवर बोलतो. पुढच्या सभेत याही गोष्टी विचारा. मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं आणि ती व्यक्ती नसेल तर कोण? शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झाली आहे का? कंपनीकडून आलेली माणसं बदलतात तेव्हा शाळेला आधी कळतं का? संध्याकाळी न्यायला उशीर झाला तर मूल कोणाच्या ताब्यात असतं? आणि हेही विचारा की त्या माणसाला महिन्याला किती पगार मिळतो आणि तो वेळेवर मिळतो का, कारण तुमच्या मुलाला ओळखणारा माणूस टिकणार की नाही, ते त्यावरच ठरतं.

अनुदानित शाळांतल्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आणखी एक करावं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या माजी विद्यार्थी मंडळांकडे आज बऱ्यापैकी पैसा जमतो. तो रंगरंगोटी, प्रवेशकमान आणि डिजिटल फळ्यांवर जातो. त्यातला थोडा भाग शिपाई भत्त्यात भर घालायला वापरला, तर एका माणसाला मान्य होईल असा पगार तयार होतो आणि एक मावशी दहा वर्षं त्याच फाटकाशी राहू शकते. पण हा तात्पुरता आधार झाला. नियमित पदं परत मिळावीत यासाठी आमदारांना आणि शिक्षण विभागाला निवेदन द्यायला पालक-शिक्षक संघाला कुणाची परवानगी लागत नाही. येत्या जूनच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालून घ्या.